मल्लखांबाचा शोध नेमका कोणी लावला? गोल्फच्या चेंडूवरील एका खटल्याच्या उजेडात

१८९८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडचा हौशी गोल्फपटू कोबर्न हॅस्केल आपल्या मित्राला भेटायला ॲक्रन येथील गुडरिच रबर कारखान्यात गेला. बर्ट्रम वर्क हा त्याचा मित्र तिथला एक अधिकारी होता. कारखान्यात रबराच्या धाग्याचे ढीग पडलेले होते. हा धागा ताणून एका गाभ्याभोवती घट्ट गुंडाळला आणि त्यावर गट्टापर्चाचे कवच चढवले, तर चेंडू कितीतरी लांब जाईल, ही कल्पना त्या भेटीतून जन्माला आली. ११ एप्रिल १८९९ रोजी दोघांना तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. १९०१ मध्ये वॉल्टर ट्रॅव्हिसने याच चेंडूने अमेरिकेचे हौशी विजेतेपद मिळवले, १९०२ मध्ये सँडी हर्डने ब्रिटिश ओपन जिंकली. अर्धशतक मैदाने गाजवणारा भरीव गट्टापर्चाचा चेंडू अल्पावधीत अडगळीत गेला.

ब्रिटनमध्ये मात्र गोष्ट न्यायालयात पोहोचली. हॅस्केलच्या कंपनीने प्रतिस्पर्धी उत्पादकांवर दावा लावला, तेव्हा प्रतिवादींनी जुन्या कारागिरांच्या साक्षी पुढे आणल्या. लवचीक रबरी धागा गुंडाळून चेंडू करण्याचा उद्योग स्कॉटलंडमध्ये काही दशके आधीच काही जणांनी करून पाहिला होता. त्यांच्या चेंडूंनी बाजार जिंकला नव्हता, खेळ बदलला नव्हता. पण ते होते. न्यायालयाने हॅस्केलचे ब्रिटिश पेटंट नावीन्याअभावी अवैध ठरवले आणि अपिलातही तो निर्णय टिकला. जगाचा गोल्फ बदलणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने शोधकर्ता ठरला नाही.

क्रीडासाधनांचा आधुनिक इतिहास असाच तारखा, अर्ज, आकृत्या आणि साक्षी यांनी भरलेला आहे. विमानउद्योगातील अभियंता हॉवर्ड हेड १९४७ मध्ये व्हर्माँटमधील स्टो येथे स्कीइंग करायला गेला आणि लाकडी स्कींच्या जडपणाला वैतागला. विमानांसाठी वापरली जाणारी ॲल्युमिनियमची रचना त्याने स्कीमध्ये आणली. पहिल्या जोड्या प्रशिक्षकांनी वापरताच मोडल्या. नमुन्यांमागून नमुने करत १९५० च्या हिवाळ्यात त्याची धातूची स्की टिकली. त्यातली कोणती जोडी कुठे मोडली, हेसुद्धा आज सांगता येते.

आता हाच कायदेशीर प्रश्न पुण्यातील एका लाकडी खांबाविषयी विचारून पाहण्यासारखा आहे. मल्लखांबाचा शोध बालंभटदादा देवधर यांनी लावला, असे महाराष्ट्रातील प्रत्येक आखाड्यात सांगितले जाते. हा दावा त्या ब्रिटिश न्यायालयापुढे गेला असता, तर टिकला असता काय?

आधी परंपरेची बाजू ऐकू. काळ दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा, म्हणजे १७९६ नंतरचा. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. दरबारातील कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बालंभटदादांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे उपासना करीत असता त्यांना दृष्टांत झाला, मारुतीने वानररूपात लाकडी खांबावर पकडी दाखवल्या, आणि त्या आत्मसात करून ते पुण्यास परतले. अली चीत झाला. गुलाबने लढतीतून माघार घेतली.

पेटंटच्या अर्जात दृष्टांतासाठी रकाना नसतो. तरीही ही कथा नुसती बाजूला सारणे इतिहासाच्या दृष्टीने घाईचे ठरेल. अशा आख्यायिकेत दोन थर असतात. देवी, स्वप्न आणि वानर हा एक थर. त्याखाली दुसरा, अधिक रुक्ष थर आहे: अंगाने आणि ताकदीने वरचढ असलेल्या व्यावसायिक मल्लांना एका हलक्या अंगाच्या तरुणाने तोंड कसे द्यावे, हा प्रश्न. वजन वाढवायला वर्षे लागतात. पकड, चपळाई आणि सुटका यांवर त्याहून कमी काळात काम करता येते. त्यासाठी असा जोडीदार हवा, जो दमत नाही, दुखावत नाही आणि मध्यरात्रीही उभा असतो. कथेत वानर आला आहे तो उगीच आलेला नाही. झाडावर चढणारा प्राणी आपले वजन पायांच्या आणि हातांच्या विळख्यावर तोलतो. मल्लखांबाचे सारे तंत्र त्या एका निरीक्षणात सामावलेले आहे.

साधन म्हणून मल्लखांब बारकाईने पाहिला, तर त्यामागचा विचार लक्षात येतो. खांब सागाचा किंवा शिसवीचा. आजच्या स्पर्धेतील खांब जमिनीवर सुमारे २६० सेंटीमीटर उंच असतो. बुडाशी त्याचा घेर पन्नास सेंटीमीटरहून थोडा अधिक असतो आणि वर जाताना तो निमुळता होत जातो. त्याचे तीन भाग मानतात: खालचे लांब ‘अंग’, त्यावरची बारीक ‘मान’ आणि माथ्यावरचे गोल ‘बोंड’. ही नावेच सांगतात की घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणसाचे शरीर होते. जाड अंगाला मांड्यांचा विळखा घालायचा, मानेला हात किंवा काख अडकवायची, बोंडावर तोल सांभाळायचा. खांब सरळ, एकाच जाडीचा असता तर सर्व उंचीवर एकच पकड पुरली असती. निमुळतेपणामुळे दर वीतभर अंतरावर शरीराला नवा हिशेब मांडावा लागतो.

त्यात भर एरंडेल तेलाची. खांबाला तेल लावायचे हे ऐकून नवख्याला नवल वाटते, कारण चढायच्या वस्तूला निसरडे करणे हा उलटा उद्योग झाला. पण कोरड्या लाकडावर घर्षणच माणसाला धरून ठेवते. स्नायूंना फारसे काम उरत नाही आणि कातडी मात्र सोलवटते. तेलाने घर्षण घटले की तेवढाच भार पेलण्यासाठी विळखा अधिक घट्ट करावा लागतो. अढी, म्हणजे उलटे होऊन पायांनी खांबाला घातलेली कैची, ही या विद्येची पहिली पायरी. ती तेल लावलेल्या खांबावर जमली की कुस्तीच्या हौद्यात घामाने निथळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला घातलेली कैची सुटत नाही. घामट अंगाचा सराव घामट अंगाशिवाय करून घेणारी ही युक्ती ज्याला सुचली, त्याच्या बुद्धीला मानले पाहिजे; मग तो कोणत्याही शतकातला असो.

आता विरुद्ध बाजूची साक्ष. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय जाणावे आणि कशात रमावे याचा तो कोशच आहे. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार आणि त्यांचा सराव यांचे वर्णन येते, आणि त्या सरावात स्तंभाचाही समावेश आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण; ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिची गल्लत नेहमी होते, म्हणून हे सांगितलेले बरे. दुसरी साक्ष गुजरातेतील मोढेऱ्याशी नाते सांगणाऱ्या ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’ची. त्यात मल्लाने करावयाच्या श्रमांच्या यादीत ‘स्तंभश्रम’ आहे. हाही ग्रंथ पेशवाईच्या अखेरच्या पर्वाहून जुना मानला जातो.

हॅस्केलला लावलेला न्याय बालंभटदादांना लावला, तर निकाल उघड आहे. खांबावरचा सराव त्यांच्या आधी किमान साडेसहाशे वर्षे माहीत होता. दावा फेटाळला जाईल. मात्र या निकालाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे वेगळे करून पाहावे लागते. बाराव्या शतकातील स्तंभ आणि पेशवाईतील मल्लखांब यांच्यात अखंड परंपरा होती, असा पुरावा या ग्रंथांतून मिळत नाही. त्या स्तंभाला मान आणि बोंड होते काय, त्यावर अढी-तेढी खेळत काय, याचाही उलगडा होत नाही. उलट आजच्या मल्लखांबाची सारी भाषा, म्हणजे अढी, तेढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, बगली, ही मराठी आखाड्याची आहे. संस्कृत ग्रंथातील नाही. गुरुपरंपराही बालंभटदादांपाशी येऊन थांबतात. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे शिष्य. काशीतील आखाडे आपली वंशावळ त्यांच्याकडूनच सांगतात. एखाद्या साधनाचे शब्द आणि शिष्य जिथून फुटतात, तिथे काहीतरी निश्चित घडलेले असते. लाकडाचा खांब जुना असेल. त्यावर क्रमाने शिकवता येईल अशी विद्या बांधण्याचे काम मात्र पुण्यातच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. हॅस्केलच्या बाबतीतही लोकांनी हाच विवेक केला. न्यायालयाने काहीही म्हटले तरी गोल्फच्या इतिहासात त्या चेंडूला आजही हॅस्केलचेच नाव आहे.

या काळाला युरोपातला एक जुळा आहे. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा पराभव केला. त्या अपमानाने पेटलेल्या फ्रीड्रिख लुडविग यान नावाच्या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइड भागात उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. तालमीत जाणारी मुले आज ज्यांना डबल बार आणि सिंगल बार म्हणतात, त्या साधनांची घडण याच मैदानावर झाली. १८१६ मध्ये यानने अर्न्स्ट आयझेलेनसह जर्मन व्यायामकलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात साधनांची वर्णने होती आणि व्यायामांची पद्धतशीर मांडणी होती. पुढे राजकीय संशयावरून १८१९ मध्ये यानला अटक झाली, आणि १८२० ते १८४२ या काळात प्रशियात हा सार्वजनिक व्यायाम बंदच होता. तरीही साधने मेली नाहीत, कारण पुस्तक उरले होते. कोणत्याही गावच्या सुताराला ते वाचून बार उभे करता येत होते. १८९६ मध्ये अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा डबल बार आणि सिंगल बार ही दोन्ही साधने स्पर्धेत होती.

पुण्यात काय झाले? ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८१८ च्या जूनमध्ये ते जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालाना आठ लाखांच्या पेन्शनवर कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, गेले. शनिवारवाड्याच्या आश्रयाने वाढलेली माणसे पांगली. मल्लखांबाची विद्याही त्यांच्याबरोबर उत्तरेला गेली. बिठूर आणि काशी ही तिची नवी घरे झाली. बिठूरला वाढलेल्या मनकर्णिका तांबे, पुढे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, यांनी तिथे मल्लखांब केला, असे परंपरा सांगते. या सगळ्या प्रवासात एकही मोजमाप कागदावर उतरल्याचे ज्ञात नाही. खांब किती जाड, मान किती लांब, तेल केव्हा लावायचे, हे शिष्याच्या अंगात उतरत होते आणि शिष्याच्या अंगातूनच पुढे जात होते. पेशव्यांचे हिशेबनवीस दिव्यात जळणाऱ्या तेलाची नोंद ठेवत. आखाड्यातल्या खांबाची आकृती काढून ठेवावी, असे कोणास वाटले नाही.

याचे खापर एकट्या बालंभटदादांवर फोडणे योग्य होणार नाही. आखाड्याची विद्या गुरूच्या कृपेने मिळते, पुस्तकाने नव्हे, ही त्या काळची सर्वमान्य धारणा होती. आणि डावपेच गुप्त ठेवण्यात मल्लाचा व्यावहारिक फायदाही होता. प्रतिस्पर्ध्याला आपला सराव कळला की निम्मी कुस्ती हरल्यासारखेच. परंतु याचा एक परिणाम झाला: गुरू गेला की साधनही गेले. किती आखाड्यांतून मल्लखांब असा नाहीसा झाला असेल, ते मोजण्याचे साधनच नाही.

कागदावर येण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते काम बडोद्याने केले. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिराच्या रूपाने देशी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे स्वरूप दिले. १९३६ पासून दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि मल्लखांब ग्रंथबद्ध झाला. योगायोग असा की ‘मानसोल्लास’ आणि ‘मल्लपुराण’ या दोन्ही ग्रंथांची संपादित आवृत्ती बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाली. दाव्याचे समर्थन आणि दाव्याविरुद्धची साक्ष, दोन्ही एकाच शहराने जपली.

त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीला गेले आणि तिथे त्याने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबही त्यांत होता. यानच्या मैदानाच्या शहरात, सव्वाशे वर्षांनंतर, पुण्याचा खांब पोहोचला. यजमान राजवट कोणती होती हे विसरून चालणार नाही. त्या राजवटीने यानच्या नावाचाही आपल्या प्रचारासाठी भरपूर वापर करून घेतला होता. पण अमरावतीहून गेलेल्या तरुणांना बहुधा आपल्या खांबाचीच चिंता अधिक असणार.

दरम्यान साधन स्थिर राहिले नव्हते. एकदा खांब म्हणजे जोडीदार ही कल्पना पक्की झाल्यावर आखाड्यांनी त्या जोडीदाराला अधिक खट्याळ करण्यास सुरुवात केली. आखूड खांब साखळीने वर टांगला, तेव्हा तो झुलू आणि फिरू लागला. हा टांगता मल्लखांब. खांब पुरण्याऐवजी फळीवर, स्टुलावर, अगदी बाटल्यांवर नुसता उभा केला, तेव्हा खेळाडूला स्वतःबरोबर खांबाचाही तोल राखावा लागला, हा निराधार. आणि ज्या बदलाने या विद्येचे दार मुलींसाठी खऱ्या अर्थाने उघडले, तो वेताच्या मल्लखांबातून आला.

लांब वेत वरून टांगून त्यावर कसरती करीत. वेत खांबासारखा विळख्यात धरता येई आणि खांब करत नाही ते करी, म्हणजे वाके. अडचण पुरवठ्याची होती. इतका लांब, एकसारख्या जाडीचा, न तडकणारा वेत दुर्मीळ होत गेला. त्याच्या जागी सुती दोरी आली. टंचाईतून आलेली ही तडजोड शेवटी स्वतंत्र साधन ठरली, कारण दोरीला स्वतःचा आकारच नसतो. तो खेळाडूने द्यायचा असतो. साधारण साडेपाच मीटर लांबीची, बोटाएवढी जाड दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून मुली वर जातात, तिचे वेढे अंगाभोवती घेतात आणि हवेत पद्मासनापासून शवासनापर्यंतची आसने लावतात. हॉवर्ड हेडने लाकूड सोडून ॲल्युमिनियम घेतले, तेव्हा स्कीची घडण बदलली पण तिच्यावर उभे राहण्याची रीत तीच राहिली. इथे वेत जाऊन दोरी आली आणि रीतच नवी जन्मली. हा बदल कोणत्या एका व्यक्तीच्या नावावर नोंदलेला नाही. मात्र दोरीवरच्या मल्लखांबाला आज जे स्थान आहे, ते पाहता ही अनामिक घडामोड बालंभटदादांच्या खांबाइतकीच मोठी मानावी लागेल.

स्पर्धेचे नियम त्यानंतर आले. १९५८ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाचे प्रात्यक्षिक झाले, १९६२ मध्ये ग्वाल्हेरला स्पर्धा म्हणून त्याचा समावेश झाला, आणि १९८१ मध्ये उज्जैन येथे राष्ट्रीय संघटना उभी राहिली. खांबाची उंची, घेर, मानेची लांबी यांना ठरावीक आकडे मिळाले. १९२५ पासून दादरला चालत आलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या परिसरात, शिवाजी पार्कवर, फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. पंधरा देशांचे खेळाडू आले. सप्तशृंगीच्या दृष्टांताची कथा त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक होती कोण जाणे. खांबाची मापे मात्र सर्वांना ठाऊक होती. दोरीच्या प्रकारात एक नियम सर्वांना सारखाच लागू होता: वेढे हवे तितके घ्यावेत, गाठ मारायची नाही.